पदक आणि प्रशस्तिपत्र एकाच चौकटीत: सव्वा वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या आईने परिचारिका म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीच्या आधी तिला दीर्घ सेवेबद्दल चांदीचे पदक व प्रशस्तिपत्र मिळाले. या दोन्ही वस्तू एकाच चौकटीत बसवून देणाऱ्या एका कारागिरांच्या सेवेबद्दल मी हा अभिप्राय लिहीत आहे. चौकट भिंतीवर लागून सव्वा वर्ष झाले आहे, त्यामुळे पहिल्या दिवसाचे कौतुक ओसरल्यानंतर जे मत उरले तेच येथे मांडता येईल.

हे काम आम्ही दुसऱ्यांदा करून घेतले. पहिल्या वेळी ज्यांच्याकडे दिले होते त्यांनी पदक गरम गोंदाच्या बंदुकीने काळ्या लोकरी कापडावर चिकटवले, प्रशस्तिपत्र चौकटीत मावत नाही म्हणून त्याची डावी कड कापली आणि उरलेला कागद थेट काचेला टेकवून मागून पुठ्ठा ठोकून दिला. चौकट हातात आली तेव्हा ती सुबक दिसत होती, आणि आम्हीही समाधानाने ती भिंतीवर लावली. काही वर्षांनी पदकाची कड काळवंडू लागली. लोकरीत गंधक असते, त्याची सूक्ष्म वाफ बंद चौकटीत साठत राहते आणि चांदीवर काळा थर धरतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. काचेच्या आतून दमट हवेचे थेंब जमून प्रशस्तिपत्राचा एक कोपरा काचेला चिकटला, तर पाठीमागच्या साध्या पुठ्ठ्यातील आम्ल झिरपून कागदाच्या कडेने तपकिरी पट्टा उमटला. कापलेली कड अर्थातच कधीच परत येणार नव्हती.

म्हणून या वेळी कारागीर निवडताना मी एकच कसोटी लावली. आत बसवलेली प्रत्येक वस्तू उद्या, किंवा पन्नास वर्षांनी, कोणालाही जशीच्या तशी बाहेर काढता येईल का, हा प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला. दोन ठिकाणी ‘एकदा बसवल्यावर बाहेर कशाला काढायचे?’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी कारागिरांनी काहीही न बोलता भिंतीवरची एक जुनी चौकट उतरवली, मागचे चार स्क्रू काढले आणि आतील रचना थराथराने उलगडून दाखवली. काम तेथेच दिले.

जुनी चौकट उघडण्याचे काम त्यांनी माझ्यासमोर केले. गोंदावर शुद्ध अल्कोहोलचे थेंब सोडून, तो सैल होईपर्यंत थांबून, लाकडी काडीने पदक सोडवले. धातूचे एकही हत्यार त्याला लागू दिले नाही. काचेला चिकटलेल्या कोपऱ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. हे कागदाचे संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञांचे काम आहे, ओढाताण केली तर शाई काचेवर राहील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि काचेसह कागद तसाच तिकडे पाठवायला लावला. आपल्या कामाची हद्द ओळखणारा माणूस भेटला याचे मला त्या क्षणी फार बरे वाटले. कोपरा सुखरूप सुटला; फक्त नक्षीचा नखाएवढा तुकडा गेला.

पदक घासून चकचकीत करून द्यावे अशी माझी इच्छा होती, ती त्यांनी मोडून काढली, आणि आता वाटते की योग्यच केले. चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदीचाच गंधकाशी झालेला संयोग असतो, त्यामुळे पॉलिशने तो निघतो तेव्हा प्रत्येक वेळी थोडी चांदीही जाते आणि उठावाची अक्षरे, चेहऱ्याच्या रेषा बोथट होत जातात. मुलामा दिलेल्या पदकाच्या बाबतीत तर हे अधिकच घातक ठरते, कारण वरचा थर इतका पातळ असतो की थोड्याच घासण्याने आतला धातू उघडा पडतो. त्यांनी पदक मऊ सुती कापडाने केवळ पुसले, आणि तेही हातमोजे घालून, कारण बोटांवरचा घाम व तेल धातूवर ठशाच्या रूपाने कायमचे उमटू शकते. खोलगट भागांत राहिलेल्या किंचित काळसर छटेमुळे मधली आकृती आणि भोवतालची अक्षरे उलट अधिक ठसठशीत दिसतात.

खरी कसोटी रचनेत होती. प्रशस्तिपत्र सपाट असते आणि ते काचेजवळ असले तरच वाचता येते. पदकाला जाडी असते, वर फीत, कडी आणि पिनेची पट्टी असते, म्हणून त्याला खोली लागते. दोन्ही एकाच पातळीवर ठेवले की खोल चौकटीच्या वरच्या काठाची सावली प्रशस्तिपत्राच्या पहिल्या ओळींवर पडते आणि नेमके नावच अंधारात जाते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार खोल चौकटींत मी हाच दोष पाहिला. या कारागिरांनी दोन पातळ्या केल्या. आडवे प्रशस्तिपत्र वरच्या भागात पुढे उचलून घेतले, पारदर्शक पत्र्यापासून साधारण सहा मिलिमीटर अंतरावर. त्याच्या खाली मध्यभागी माउंट बोर्डात, म्हणजे वस्तूंभोवती समोरून दिसणाऱ्या जाड पुठ्ठ्यात, दुसरी लहान खिडकी कापून पदक आत खोलवर बसवले. खिडक्यांच्या कडा पंचेचाळीस अंशांत तिरक्या कापलेल्या असल्यामुळे पुढची पातळी व मागची पातळी यांतील फरक डोळ्यांना खटकत नाही. चौकटीची एकूण खोली अडतीस मिलिमीटर झाली. भिंतीपासून ती बरीच पुढे येते खरी, पण दाराजवळच्या अरुंद जागेत लावणार नसाल तर त्याची अडचण होत नाही.

प्रशस्तिपत्र कशानेही चिकटवलेले नाही, असे म्हटले तरी चालेल. लांब धाग्यांच्या जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेला मागून लावल्या आहेत आणि त्यांवर ते टांगलेले आहे. हवेतील ओलावा वाढला की कागद फुगतो, कमी झाला की आकसतो. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद या हालचालीला वाट न मिळाल्यामुळे लाटांसारखा उठतो. टांगलेल्या कागदाला ही मोकळीक मिळते, आणि खळ पाण्याच्या ओलाव्याने सुटत असल्यामुळे त्या पट्ट्या पुढे केव्हाही काढता येतात. लॅमिनेशन किंवा उष्णतेने चिकटवण्याची पद्धत यांत ही सोय नसते. आपल्याकडील प्रशस्तिपत्र लॅमिनेट करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर कृपया तो सोडून द्यावा. चौकटीत केलेली चूक बहुधा निस्तरता येते, लॅमिनेशन जवळजवळ कधीच नाही.

पदकाची बैठक मला सर्वांत आवडली. त्यांनी पॉलिइथिलीनच्या पांढऱ्या फोममध्ये पदकाच्या घेराएवढी, म्हणजे छत्तीस मिलिमीटर व्यासाची खोबण कापली, तिच्यावर सुती कापड ओढले आणि पदक त्यात अलगद दाबून बसवले. शिवाय खालच्या बाजूने दोन बारीक पिना आधाराला आहेत, त्यांवर प्लास्टिकची नळी चढवलेली असल्याने धातूला धातू घासत नाही. फितीवर पदकाचा भार अजिबात येत नाही. टांगलेल्या पदकाच्या वजनाने जुनी रेशमी फीत दुमडीपाशी विरते, हे आमच्याच फितीवर दिसत होते. आता ती एका पातळ पट्टीवरून घेऊन मागे रेशमी दोऱ्याच्या चार टाक्यांनी धरली आहे, आणि टाके विणीच्या धाग्यांमधून घेतले आहेत, धागे छेदून नाहीत. इतके बारीक काम समोरून कोणालाही दिसणार नाही, तरी ते केलेले आहे.

चौकट लाकडाची आहे. लाकडातून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते, म्हणून आतील सर्व बाजूंना धातूच्या पातळ पत्र्याची पट्टी लावून लाकूड झाकले आहे. पुढे काचेऐवजी अतिनील किरण गाळणारे ॲक्रिलिक घेतले. ते हलके असते आणि पडले तरी त्याचे धारदार तुकडे होत नाहीत, मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि ते धूळ ओढते. कोरड्या कापडाने जोरात पुसण्याची सवय असलेल्या घरात काचच बरी.

एका बाबतीत मात्र आमचे त्यांच्याशी एकमत झाले नाही. प्रशस्तिपत्रावरील सही शाईच्या पेनाने केलेली आहे. अशी शाई आणि फितीचा रंग या दोन्ही गोष्टी प्रकाशाने फिकट होतात. अतिनील किरण अडवले तरी दिसणारा प्रकाश आपले काम करतच राहतो. नाजूक कागद व कापड यांच्यासाठी संग्रहालये साधारण 50 लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात, आणि घरातील दिवसाचा उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे चौकटीत उत्तम प्रत लावावी आणि मूळ कागद आम्लमुक्त पाकिटात अंधारात ठेवावा, असा त्यांचा सल्ला होता. तांत्रिकदृष्ट्या तो बिनचूक आहे. पण आईने मूळ कागदच हवा असा आग्रह धरला. तो कागद तिच्या हातात दिला गेला होता, प्रत नव्हे, आणि तिच्या हयातीत तो तिला दिसावा हे मलाही पटले. आम्ही आधी त्याची उच्च दर्जाची स्कॅन प्रत काढून घेतली आणि चौकट खिडकीसमोर न लावता आतल्या भिंतीवर, थेट ऊन कधीच न येणाऱ्या जागी लावली. सव्वा वर्षात सहीच्या रंगात फरक पडलेला नाही, पण एवढ्या काळावरून काही ठरत नाही, हे मी जाणते.

आता तक्रारी. तीन आठवड्यांत देतो म्हटलेले काम सहा आठवड्यांनी मिळाले आणि मधल्या काळात प्रत्येक वेळी मलाच फोन करावा लागला. खालच्या पितळी पट्टीवर ‘परिचारिका’ या शब्दातील ‘रि’ दीर्घ कोरली गेली होती. चूक त्यांनी लगेच मान्य केली व पट्टी विनाशुल्क बदलून दिली, परंतु कोरण्यापूर्वी मजकूर एकदा दाखवला असता तर हे टळले असते. सन्मानाच्या वस्तूवर वेलांटीची चूक राहणे मला सहन होत नाही, म्हणून मजकूर लिहून द्यावा आणि कोरण्याआधीचा नमुना डोळ्यांखालून घालावा, असे मी प्रत्येकाला सुचवीन.

तिसरी तक्रार अर्धी माझ्यावरही येते. पदकाच्या कडेवर आईचे नाव कोरलेले आहे आणि मागच्या बाजूला सेवेचे ब्रीदवाक्य. आता ते दोन्ही झाकले गेले. मागची बाजू महत्त्वाची आहे का, असे त्यांनी विचारले नाही आणि मलाही ते सुचले नाही. चौकट तयार झाल्यावर त्यांनी मागच्या बाजूचे व कडेचे मूळ आकारातले छायाचित्र काढून ते पाठीमागच्या पाकिटात ठेवले, सोबत वापरलेल्या प्रत्येक साहित्याची यादी आणि चौकट उघडण्याचा क्रमही लिहून ठेवला. त्या छायाचित्रासाठी पदकाशेजारी तिसरी लहान खिडकी कापता आली असती आणि जागाही होती. पाठ स्क्रूंनी बसवलेली आहे, तेव्हा पुढच्या महिन्यात चौकट त्यांच्याकडे नेऊन माउंट बोर्डात ती खिडकी कापून घ्यायचे मी ठरवले आहे. त्यासाठी पदकाला किंवा प्रशस्तिपत्राला कोणताही धक्का लागणार नाही, असे त्यांनी सांगितले आहे.