वाळवंटातला मोठा तंबू, वर्षभर वापरून: कापड टिकलं, चेनने दगा दिला

"वाळूमुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही." तीन आठवडे मागे लागल्यावर कंपनीकडून हे एका ओळीचं उत्तर आलं. ज्या तंबूच्या खोक्यावर लाल कडे, वाळू आणि त्या वाळूत उभारलेला हाच तंबू छापलाय, त्या तंबूबद्दल! म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. विक्रीच्या पानावरचे बरेचसे अभिप्राय घरामागच्या हिरवळीवर एक रात्र काढून लिहिलेले वाटतात, त्यावर जाऊ नका.

माप, वजन, उंची तिथे दिलेलीच आहे, मी परत देत नाही. आठ माणसांचा म्हणतात. चार मोठी माणसं, दोन मुलं आणि सामान एवढ्यात तो भरतो. आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सजवळ राहतो. थंडीत इथल्याच सोनोरन वाळवंटात आणि एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर युटाच्या बाजूला असा तो फिरला. घेतला एकाच कारणाने. सासू-सासरे साताऱ्याहून येणार होते आणि आईंचे गुडघे दुखतात. वाकून, रांगत शिरायचे घुमटाकार तंबू त्यांना जमणारे नव्हते. ह्यात त्या ताठ उभ्या राहून साडी नेसल्या, खुर्ची टाकून सकाळचा चहा प्यायल्या. एवढ्यासाठी मी त्याला खूप काही माफ करते.

आता चेन. दोन दारं आहेत, दोन्हींना मोठ्या गोल वळणाची चेन, वळणानंतर ती जमिनीलगत आडवी जाते. वाळवंटात सगळी धूळ नेमकी तिथेच साचते. मुलं दिवसभरात किती वेळा आत-बाहेर करतात ते आईवडिलांना सांगायला नको. प्रत्येक वेळी रनर त्या धुळीवरून जातो आणि ती पॉलिश पेपरसारखी त्याला आतून घासते. रनरची फट हळूहळू रुंदावते. मग एक दिवस तो सरसर पुढे जातो, पण मागे चेन उघडीच राहते. दात शाबूत असतात, कापड शाबूत असतं, फक्त रनर त्यांना एकत्र दाबू शकत नाही.

आमच्याकडे हे झालं गूजनेक्सला. मॉन्युमेंट व्हॅली बघून आलो होतो (ती नावाहो लोकांच्या अखत्यारीत आहे, राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही, वेगळे पैसे धरून ठेवा) आणि तिथल्या आसपासच्या हॉटेलांचे दर बघून मुक्काम गूजनेक्स स्टेट पार्कात ठरवला. जागा अप्रतिम आहे. तंबू कड्याच्या काठाजवळ, खाली १००० फुटांवर सॅन हुआन नदी. सरळ रेषेत दीड मैल जायला ती सहा मैलांची वळणं घेते. पण पाणी नाही, झाड नाही, आडोसा नाही, आणि वसंत म्हणजे त्या पठारावर वाऱ्याचे दिवस. रात्री वारा सुटला. आईंना उठायचं होतं. "अगं, हे अर्ध्यात अडकलंय," म्हणाल्या. यांनी जोर लावून ओढलं, दार उघडलं, आणि परत लावताना रनर शेवटपर्यंत गेला तरी चेन मागे आ वासून होती. बारीक लाल धूळ थेट अंथरुणावर यायला लागली. शेवटी आईंनी बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढून दिल्या. त्या आणि कपड्यांचे चिमटे लावून दार कसंबसं धरलं. सकाळी मुलांच्या पापण्यांवर लाल थर होता.

धूळ निघते. मला राग त्याचा नाही. अ‍ॅरिझोनात बार्क विंचू असतो, अमेरिकेतला सगळ्यात विषारी. अतिनील टॉर्च मारला की विंचू हिरवट चमकतात. लॉस्ट डचमन पार्कात मुलांनी स्वच्छतागृहाच्या वाटेवर तसा एक शोधून दाखवला होता. इथे दाराची चेन पूर्ण लागणं ही सोय नाही, ती पहिली गरज आहे. अडीचशे डॉलर घेऊन तंबू विकणाऱ्यांना रनर किती टिकेल हे माहीत असायला हवं.

तर तक्रार केली. आधी फोटो मागितले, मग पावती, मग आत शिवलेल्या पट्टीचा फोटो. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी गोष्ट पहिल्यापासून. मी फक्त दोन रनर पाठवा म्हणत होते. सुटे भाग देत नाही म्हणाले. वर नवीन तंबूवर २० टक्के सूट देऊ केली, म्हणजे तीच चेन पुन्हा विकत घ्यायची. त्यानंतर ते वरचं एका ओळीचं उत्तर.

दुरुस्ती मात्र कठीण नाही, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून नीट सांगते. तात्पुरता उपाय: रनरच्या मागच्या बाजूचे दोन्ही काठ पक्कडीने अगदी हलके दाबायचे, एकदम नाही, थोडं दाबून ओढून बघायचं. धातू ठिसूळ असतो, जोर केला की तुटतो. आमचं एवढ्यावर पुढचे काही मुक्काम निभावलं. कायमचा उपाय: रनर बदलणे. त्याच्या मागे आकडा कोरलेला असतो, आमच्यावर ८ होता. त्याच मापाचा घ्या, आणि चेन वेटोळ्याची आहे की सुट्या दातांची ते बघून घ्या, दोन्हींचे रनर वेगळे येतात. चेनच्या टोकाशी शिलाई इंचभर उसवायची, जुना रनर काढून नवा दोन्ही बाजूंनी समान सरकवायचा, शिलाई परत घालायची. सासऱ्यांनी ते चहा पिता पिता केलं. दोन्ही दारांचा खर्च बारा डॉलर.

आणि तेल लावू नका, कुठलंही. तेलाला धूळ चिकटते आणि आठवड्यात पहिल्यापेक्षा वाईट होतं. रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने चेन झाडायची, महिन्यातून एकदा साध्या पांढऱ्या मेणबत्तीचं टोक फिरवायचं. नवीन रनर तेव्हापासून लोण्यासारखे नाहीत, पण अडकत नाहीत.

अर्धं लिहून ठेवलं होतं, मध्ये युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो, त्यामुळे एक मत बदलतेय. छताखालच्या मोठ्या जाळीला मी आधी नावं ठेवली होती, कारण गूजनेक्सला चेन धरल्यानंतरही धूळ तिथून येतच होती. शिवाय मे महिन्यात ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर त्याच जाळीने आम्हाला गारठवलं. तो काठ ७००० फुटांवर आहे. खाली फिनिक्सला उकडत असतं आणि तिथे रात्री पाणी गोठायच्या बेताला येतं. वाळवंट म्हटल्यावर लोक पातळ पांघरुणं नेतात, तसं करू नका. (तिथे पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजत नाही. छोटा कुकर न्याच.) पण झायनमध्ये सप्टेंबरात उलट झालं. दोन्हीकडचे खडक दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती धग अंगावर येते. शेजारचे लोक बंद तंबूतून बाहेर खुर्च्यांवर येऊन बसले होते, आमच्याकडे आई निवांत झोपल्या. जाळी हवीच. तिला आतून लावायचा पडदा दिला असता तर बोलायला जागा राहिली नसती. आम्ही आता जुन्या चादरीला वेलक्रो शिवून तो केलाय.

उंची मात्र वाऱ्यात महागात पडते. सरळ भिंती म्हणजे वाऱ्याला पूर्ण अंग दिल्यासारखं. दिलेल्या खुंट्या बारीक तारेच्या आहेत, सैल वाळूत त्या हाताने उपटून येतात आणि कठीण जमिनीत वाकतात. त्या फेकून द्या. कठीण जमिनीला लांब पोलादी खिळे लागतात. वाळूत आम्ही कापडी पिशव्या वाळूने भरून, दोरी बांधून, वीतभर खोल पुरतो. त्या हलत नाहीत. एक गोष्ट कळकळीने: जिथे वाळू मऊ, सपाट आणि आडोशाची दिसते ते बहुतेक वेळा कोरड्या ओढ्याचं पात्र असतं. तिथे तंबू लावू नका, आकाश निळं असलं तरीही. १२ ऑगस्ट १९९७ ला अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ जण वाहून गेले, तेव्हा पाऊस तिथे नाही, वर काही मैलांवर पडला होता. जून ते सप्टेंबर इथला पावसाळा, त्या काळात आम्ही मुक्कामाची जागा बघताना आधी आसपासच्या उंचीवर अडकलेला पालापाचोळा बघतो. तो दिसला म्हणजे पाणी तिथवर येऊन गेलंय.

तळाचं कापड टिकलं, आणि त्याचं श्रेय देते, कारण इथे सराटे आहेत. हो, आपले तेच, गोखरू. लोक त्याला बकरीचं डोकं म्हणतात. सासऱ्यांनी चपलेतून काढून हातावर घेतला आणि लगेच ओळखला. तंबूखाली ताडपत्री घालतोच, तरी एकदा काटे ताडपत्रीतून वर आले. तळ फाटला नाही. हवेची गादी मात्र गेली. आता फोमच्या पट्ट्या वापरतो.

उन्हाने छताचा रंग उडालाय. पाऊस आत आलेला नाही, पण आम्ही मोठा पाऊस पाहिला तोही एकदाच, त्यामुळे त्यावर ठाम बोलत नाही.

घ्यावा का? घरात वाकता न येणारं माणूस असेल, आणि मुक्काम आडोशाच्या ठिकाणी असेल, तर घ्या. रनरचा एक जोड तंबूसोबतच मागवा. उघड्या कड्यावर किंवा वाळूच्या टेकड्यांजवळ जाणार असाल तर बुटका घुमटाकार तंबू बरा. दुकानात उभा केलेला असेल तर दाराची चेन खालच्या वळणावर एका हाताने लावून बघा. तिथे दुसरा हात लागला तर तो तंबू घेऊ नका. माझ्याकडून पाचापैकी तीन. दोन रनर पाकिटात घालून पाठवले असते तर साडेचार दिले असते.