‘ब्लॅकलिस्टमधून नाव काढून देतो’ असा फोन आला तर

सांगलीत माझी वहिनी घरगुती मसाले आणि चटण्या विकते. तिची साधी वर्डप्रेसची साइट ऐन मिरचीच्या हंगामात हॅक झाली. मोबाइलवर उघडली की थेट कुठल्यातरी लॉटरीच्या पानावर जायची. होस्टिंगवाल्यांनी ती साफ करून दिली. जिथे फक्त फोटो असायला हवेत त्या अपलोड्स फोल्डरमध्ये दडवलेल्या कोडच्या (पीएचपी) फायली काढल्या, अनोळखी अ‍ॅडमिन खातं उडवलं, पासवर्ड बदलले. तरी गिऱ्हाइकांच्या तक्रारी थांबेनात. कुणाला क्रोममध्ये धोक्याचा लाल पडदा, तर कुणाचा अँटिव्हायरस साइट उघडूच देईना.

नेमका तेव्हाच वहिनीला फोन आला. ‘‘मॅडम, तुमचं डोमेन ब्लॅकलिस्टला गेलंय. आम्ही अँटिव्हायरस कंपन्यांचे अधिकृत पार्टनर आहोत.’’ याला कसं कळलं म्हणून ती चक्रावली आणि म्हणूनच तिला तो खरा वाटला. पण डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नाव टाकून ती ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे धोकादायक साइटांच्या यादीत, आहे का हे कुणालाही तपासता येतं, आणि तिचा नंबर साइटवरच होता.

त्याने व्हायरसटोटल या साइट तपासणाऱ्या सेवेचा स्क्रीनशॉट पाठवला. सहा कंपन्यांच्या नावापुढे लाल खूण. एका कंपनीची ‘रिमूव्हल फी’ साडेसातशे, म्हणजे एकूण साडेचार हजार, शिवाय साइटचं लॉगिन. पैसे गेल्यावर थोड्याच वेळात दुसरा स्क्रीनशॉट आला, त्यात लाल खुणा दोनच. ‘‘चार काढल्या मॅडम. उरलेल्या दोन परदेशी आहेत, त्यांची फी वेगळी. आणि पुन्हा होऊ नये म्हणून महिन्याचा प्लॅन घ्यावा लागेल.’’ तेव्हा तिने मला फोन केला, ‘‘भाऊजी, एवढं जरा बघता का?’’

मी दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले. पहिल्याच्या वरच्या कोपऱ्यात तपासणीची वेळ होती, आणि ती साइट साफ होण्याच्या आधीची होती. व्हायरसटोटल ही २०१२ पासून गूगलच्या मालकीची सेवा. सत्तरच्या वर स्कॅनरांचे आणि याद्यांचे निकाल ती एका पानावर दाखवते. पण तुम्ही पान उघडता तेव्हा दिसतो तो आधी साठवलेला अहवाल. ताजा हवा असेल तर फेरतपासणीचं बटण दाबावं लागतं. त्या माणसाने जुना अहवाल दाखवून पैसे घेतले, मग बटण दाबलं आणि नवा अहवाल ‘काम झालं’ म्हणून पाठवला. त्या चार कंपन्यांनी आपापल्या यादीतून साइट आधीच काढली होती. हे बटण सगळ्यांसाठी फुकट आहे.

या धंद्याचा मला संताप येतो, कारण तो माणसाच्या घाबरण्यावर चालतो. साइट साफ झाल्यावर इशारे काही काळ रेंगाळतातच. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी गूगलची सेफ ब्राउझिंग यादी बघतात, एज मायक्रोसॉफ्टचं स्मार्टस्क्रीन बघतो. नॉर्टन, मॅकअफी, कॅस्परस्की, आपल्या पुण्याची क्विक हील, प्रत्येकाची यादी स्वतंत्र. गूगलने नाव काढलं म्हणून बाकीच्यांच्या यादीतून ते आपोआप जात नाही. व्हायरसटोटलला लिहूनही उपयोग नाही, कारण ते फक्त दुसऱ्यांचे निकाल दाखवतात. ज्या कंपनीचा इशारा येतोय तिच्याकडेच चुकीच्या नोंदीची तक्रार करायची. त्याला पैसे पडत नाहीत. गूगलसाठी सर्च कन्सोल या त्यांच्या साइटमालकांसाठीच्या सेवेतल्या सुरक्षा समस्यांच्या पानावरून फेरतपासणी मागायची. काय सापडलं आणि काय काढलं ते स्पष्ट लिहायचं. उत्तराला साधारण काही दिवस लागतात, हॅकरांनी स्पॅमची पानं घुसवली असतील तर काही आठवडेही.

अर्ज करण्याआधी साइट खरंच साफ आहे ना, हे मात्र नीट बघा. मोबाइल डेटावर, लॉगिन न करता, गूगलच्या शोधातून येऊन उघडा. असला कोड बऱ्याचदा मालकाला काही दाखवत नाही, फक्त शोधातून आलेल्या पाहुण्यालाच पळवून नेतो. गूगलच्या तपासणीपुरती साइट साफ केली आणि मग पुन्हा घाण दिसली, तर ‘वारंवार दोषी’ ठरवून ३० दिवस अर्जच करू देत नाहीत.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि सगळे स्क्रीनशॉट जपून ठेवा, चॅट पुसू नका. वहिनीनेही तेच केलं.

आणि लॉगिन दिलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. वहिनीच्या साइटवर त्याने स्वतःचं एक अ‍ॅडमिन खातं उघडलं होतं, आणि सर्च कन्सोलमध्येही तो मालक होऊन बसला होता. तिथे मालकी सिद्ध करणारी त्याची छोटी एचटीएमएल फाइल साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये पडलेली होती. ती आधी काढा, मग त्याचं नाव काढा. फाइल तशीच राहिली तर तो पुन्हा मालक होऊ शकतो.