असिस्ट डॉट ऑर्ग: लेकीचं ट्रान्सफर पार पडल्यानंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) जायचं असेल, तर कोणता विषय कुठे धरला जाईल हे सांगणारी अधिकृत साईट म्हणजे असिस्ट. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही आणि दिसायला रेल्वेच्या वेळापत्रकाइतकीच रंजक आहे. लेक 2023 च्या फॉलमध्ये डी अँझा या कम्युनिटी कॉलेजला लागली, तेव्हापासून ती यूसीच्या एका कॅम्पसवर ज्युनियर (तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी) म्हणून जाईपर्यंत आम्ही मायलेकींनी ती वापरली. पाचातले चार तारे देते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडक्यात: डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात ना, त्याच वळणाची ही वाट. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, पुढची दोन विद्यापीठ, आणि पदवी विद्यापीठाचीच. राज्याच्या 1960 च्या मास्टर प्लॅनपासून हे चालत आलंय. राज्यातल्या रहिवाशाला फी सेमिस्टर युनिटमागे (युनिट म्हणजे क्रेडिट) 46 डॉलर, डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्या कॉलेजात 31. तरीही मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हळूच विचारतंच, "कम्युनिटी कॉलेज का गं? मिळाली नाही का कुठे?" यूसीची वर्षाची फी सांगितली की विषय आपोआप मोदकांकडे वळतो.

आता साईटबद्दल. वर्ष निवडायचं, आपलं कॉलेज निवडायचं, समोरचं विद्यापीठ निवडायचं आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय. मग करार उघडतो. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा विषय. काही ठिकाणी एकाच्या बदल्यात दोन विषय लागतात, मध्ये 'अँड' असतो. त्या अँडकडे नीट बघा, दोन्ही पुरे केल्याशिवाय डावीकडचा एकही सुटत नाही. आणि 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं, तर आपल्या कॉलेजात त्याला पर्यायच नाही.

सगळ्यांची गाडी अडते ती एका ठिकाणी. असिस्टवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक यादी सांगते की अमुक विषयाचे युनिट्स यूसी मान्य करेल. दुसरा हा मेजरचा करार, जो सांगतो की तो विषय तुमच्या मेजरची अट पुरी करेल. पहिल्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त झालेली मुलं मी बरीच पाहिली. ज्युनियर म्हणून जायला 60 सेमिस्टर युनिट्स, म्हणजे 90 क्वार्टर युनिट्स लागतात, ते त्यांच्याकडे असतात. पण त्यातले निम्मे नुसते इलेक्टिव्ह म्हणून पडून राहतात आणि तिसऱ्या वर्षी बसून पहिल्या वर्षाचं गणित करावं लागतं. वर कम्युनिटी कॉलेजचे 70 सेमिस्टर युनिट्सच (क्वार्टरचे 105) पदवीसाठी मोजले जातात. त्यापुढे घेतलेल्या विषयाने अट सुटते, युनिट वाढत नाहीत.

लेकीचं मेजर अर्थशास्त्र. (इंजिनिअरिंग नाही, हो. आजीला अजून पटलेलं नाही.) एकाच मेजरचे चार-पाच कॅम्पसचे करार शेजारी शेजारी उघडून ठेवले तेव्हा कळलं की बिझनेस कॅल्क्युलस एकीकडे चालतं, दुसरीकडे पूर्ण कॅल्क्युलसच लागतं. तिने सगळ्यात कडक करार समोर ठेवून विषय घेतले. पहिल्या क्वार्टरच्या आधी हे कराच. नंतर वाट बदलणं महाग पडतं.

उन्हाळ्यात शेजारच्या एका कॉलेजात ऑनलाइन स्टॅटिस्टिक्स घ्यायचा तिचा विचार होता. तिथल्या काउन्सेलरने "ट्रान्सफर होतो" असं ठामपणे सांगितलं. युनिट्स होणारच होते. पण त्या कॉलेजचा करार उघडला तर तिच्या मेजरसाठी त्या विषयासमोर काहीच नव्हतं. तो बेत तिथेच सोडला. कॅल्क्युलस किंवा फिजिक्सची मालिका तर एकाच कॉलेजात संपवावी. डी अँझाचं कॅल्क्युलस चार क्वार्टरचं, सेमिस्टरवाल्यांचं साधारण तीन भागांचं. मध्येच कॉलेज बदललं की तुकडे जुळत नाहीत. युनिट्सचंही तसंच, क्वार्टरचे 5 म्हणजे सेमिस्टरचे 3.33.

पाचवा तारा का कापला? कारण ही साईट मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक कॉलेजांपुरती. स्टॅनफर्ड, यूएससी, सांता क्लारा यांचं इथे काही नाही, टेक्सासच्या कॉलेजांचंही नाही. पुण्याच्या भाच्याने विचारलं, एफवाय-एसवायचे विषय दिसतील का? नाही. परदेशी मार्कशीट प्रत्येक विद्यापीठ स्वतः तपासतं. एपीचंही (हायस्कूलात देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा) वेगळं आहे: कम्युनिटी कॉलेजने एपीचे युनिट्स दिले म्हणून यूसी बांधील नाही, स्कोअर थेट विद्यापीठाला पाठवावा लागतो.

प्रवेशाची हमीही असिस्ट देत नाही. त्यासाठी 'टॅग' (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी) बघा. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस तो देतात. बर्कली, एलए, सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच कॅम्पसला, आणि काही मेजर त्यातून वगळलेले असतात. सीएसयूला जाणाऱ्यांनी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) विचारून घ्यावी. ती असेल तर सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की असते, मात्र हव्या त्याच कॅम्पसवर असेल असं नाही.

जनरल एज्युकेशनसाठी, म्हणजे मेजरबाहेरच्या सक्तीच्या विषयांसाठी, लेकीने आय-गेट-सी हा ठरलेला विषयसंच पूर्ण केला. 2025 च्या फॉलपासून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना त्याऐवजी कॅल-गेट-सी, यूसी आणि सीएसयू दोन्हींना एकच. त्याच सुमारास काही विषयांचे क्रमांकही राज्यभर सारखे व्हायला लागले, जसं स्टॅट सी1000. त्यामुळे मोठ्या भावंडांच्या जुन्या याद्या वापरू नका. विषय ज्या वर्षी घेतला, त्या वर्षीचाच करार बघायचा.

आणखी एक सवय लावा: दर वर्षीच्या कराराची पीडीएफ उतरवून ठेवा. प्रवेश मिळाल्यावर लेकीच्या डिग्री ऑडिटमध्ये (पदवीच्या कोणत्या अटी पुऱ्या झाल्या ते दाखवणारा तक्ता) मायक्रोइकॉनॉमिक्स इलेक्टिव्हमध्ये दिसत होतं. तिने त्या वर्षीची पीडीएफ जोडून डिपार्टमेंटच्या ॲडव्हायझरला ईमेल केली आणि विषय मेजरच्या रकान्यात गेला. डी अँझातले ग्रेड्स मात्र यूसीच्या जीपीएमध्ये धरले जात नाहीत, तिथे पाटी कोरी. तिची गणिताची 'ए' वाया गेली म्हणून ती हळहळली. इंग्रजीच्या 'सी'बद्दल काही बोलली नाही.