गिअरबॉक्स खोलायला निघालो होतो, दोषी निघाला माझाच फिल्टर

गाडी 2011 ची निसान 370झेड, दुसऱ्या हाताची, सात गिअरची ऑटोमॅटिक. दिवाळीनंतर तिचं दुखणं सुरू झालं. पन्हाळ्याच्या वाटेवर पुढं उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, वर त्याचा स्पीकर. रस्ता मोकळा बघून पाय दाबला, तर गाडी विचार करत बसली. एक, दोन म्हणेपर्यंत काही नाही, मग सगळं एकदम. तोवर समोरनं एसटी. डॅशबोर्डवर दिवा मात्र एकही नाही.

पुण्यातल्या एका वर्कशॉपनं गाडी न चालवताच गिअरबॉक्सवर बोट ठेवलं आणि दीड लाखाचा अंदाज हातात दिला. मी जवळपास हो म्हणालो होतो. मग चुलतभावानं कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका गॅरेजात धाडलं. दारावर पाटी नाही, लेथच्या शेडांच्या रांगेतलं शेवटचं शटर.

तिथल्या मिस्त्रींनी बॉनेटला हातच लावला नाही. लॅपटॉप जोडला, शेजारी बसले आणि म्हणाले, "चला मालक, कागलकडं." मोकळा पट्टा लागल्यावर गिअर हातानं तिसऱ्यावर ठेवायला लावला आणि पाय पूर्ण दाबायला सांगितला. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, आणि वेग बरोबरीनं चढत होते. गिअरबॉक्स घसरत असता तर आरपीएम आधी पळाले असते, वेग मागं रेंगाळला असता. "गिअरबॉक्स बरा हाय. इंजिनालाच दम लागलाय." दीड लाख तिथंच वाचले.

ह्या 3.7 लिटर व्ही-6 मध्ये हवेची वाट दुहेरी आहे: दोन एअर फिल्टर, हवा मोजणारे दोन सेन्सर, दोन थ्रॉटल बॉडी (पाय दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपा). सेन्सरात एक बारीक तापलेली तार असते. येणारी हवा तिला गार करते, आणि ती गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून हवा किती आली ते कॉम्प्युटरला कळतं. माझ्या डाव्या बाजूचा सेन्सर उजव्यापेक्षा जवळजवळ पाचवा हिस्सा हवा कमी सांगत होता. हवा कमी समजून कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडायचा, मग धुरातला ऑक्सिजन बघणाऱ्या सेन्सरनं ओरडल्यावर पंधरा-सोळा टक्के वाढवायचा. दिवा लागण्याइतकं हे बिघडलेलं नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरात बिघाडाचा कोड नाही. आणि पाय एकदम दाबला की दुरुस्तीला सवड कुठली?

कारण? दसऱ्याला मी हौसेनं धुऊन वापरायचे तेलवाले फिल्टर बसवले होते, आणि तेल सढळ हातानं, थालीपीठ लावताना सोडावं तसं सोडलं होतं. तेच तारेवर जाऊन बसलं. मिस्त्रींनी फिल्टर उलटा करून बोट फिरवलं, बोट चकाकलं. बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

सेन्सर खास सेन्सरच्याच स्प्रेनं धुतले. कार्बोरेटरचा स्प्रे हाताखालच्या पोराच्या हातात बघून त्याला असा दम भरला की मीच दोन पावलं मागं सरलो. थ्रॉटल बॉडीवरची काजळी काढली, कागदी फिल्टर घातले. मग इंजिन गरम करून, एसी-लाइट बंद ठेवून कॉम्प्युटरला आयडलची, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाची, हवा नव्यानं शिकवली. काजळी गेली की थ्रॉटलच्या पाकळीच्या फटीतनं हवा जास्त जाते, आणि कॉम्प्युटर जुन्याच हिशोबावर असतो. हे न करता गाडी हातात देणारे बरेच आहेत.

बिल 5,200, फिल्टर धरून.

तक्रारी आहेत. "उद्या देतो" म्हणून तीन दिवस घेतले. फोन उचलत नाहीत, जाऊन उभं राहावं लागतं. बसायला एक स्टूल, त्यावर मांजर. आणि माझ्या फिकट सीटवर ग्रीसची चार बोटं उमटली आहेत, ती अजून गेलेली नाहीत.

परवा पुन्हा पन्हाळा. पाय दाबला की गाडी निघते. डी मध्ये, म्हणजे गिअर गाडीवरच सोडले असताना, दोन-तीन गिअर खाली यायचे असले तर किंचित थांबते, पण तो ह्या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे. ओव्हरटेकच्या आधी स्टिअरिंगमागचं पॅडल ओढून गिअर खाली घ्यायचा, हेही मिस्त्रींनीच सांगितलं. तेलवाले फिल्टर त्यांनी पिशवीत घालून परत दिले. कुणाला हवे असतील तर फुकट न्या.