दिवे आणि पोर्ट: पुढच्या खणातलं पॅनल की आत लपणारे हब?

कॅबिनेट चांगलं आहे, बदलायचं नाही. फक्त हाताशी आणखी दोन-चार यूएसबी पोर्ट हवेत आणि पंख्यांच्या दिव्यांवर ताबा हवा. अशा वेळी पर्याय पुष्कळ दिसतात, पण थोडं खोदलं की वाटा दोनच उरतात. पहिली वाट म्हणजे जुन्या डीव्हीडी ड्राइव्हच्या सव्वापाच इंची खणात बसणारं पॅनल: समोर पोर्ट, बाजूला दिव्यांचं बटण, कधी पंख्यांच्या वेगाची खुंटीही. दुसरी वाट बाहेर काही दिसूच न देण्याची. त्यात मदरबोर्डच्या मागच्या पोकळीत एक यूएसबी हब आणि एक ए-आरजीबी हब चिकटवायचा (हब म्हणजे एका जोडाचे अनेक करणारी डबी, ए-आरजीबी म्हणजे एकेका एलईडीला वेगळा रंग देता येणारे दिवे) आणि दिव्यांचा कारभार सॉफ्टवेअरवर सोपवायचा.

दोन्ही मी वापरले आहेत आणि दोन्हींनी काम केलं आहे. माझा कल एकीकडे आहे, तो लपवत नाही. पण ज्या कारणाने तो झुकला ते कारण तुम्हाला लागू नसेल, तर खुशाल दुसरं घ्या.

पोर्टांपासून सुरुवात करू. पॅनलच्या खोक्यावर वेग मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, पण खरी अडचण कुठे आहे ते छापत नाहीत. पॅनलची जाडजूड वायर मदरबोर्डवरच्या १९ पिनांच्या हेडरला, म्हणजे वायर खोचायच्या पिनांच्या जागेला, जाते. साध्या, मध्यम बोर्डांवर असं हेडर बहुधा एकच असतं आणि कॅबिनेटच्या स्वतःच्या पुढच्या पोर्टांनी ते आधीच अडवलेलं असतं. मग एक तर ते जुने पोर्ट काढून टाकायचे (ते सैल झालेले असतील तर याच्याइतका स्वच्छ उपाय नाही), किंवा एका हेडरची दोन करून देणारा, आत चिप असलेला हब घ्यायचा. आत १९ पिनांचं हेडर असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं जोडकार्ड) बसवणं हा तिसरा मार्ग. ९ पिनांच्या जुन्या हेडरवर उतरवणारा छोटा जोडही मिळतो. तो चालतो, पण ५ गिगाबिटची वाट ४८० मेगाबिटवर येते. पेनड्राइव्ह आणि कळफलकाला हरकत नाही, बाहेरच्या एसएसडीला मात्र तो अन्याय आहे.

या १९ पिनांच्या वायरीबद्दल आणखी एक सूचना. ती ताठ असते, लवकर वळत नाही आणि पिना नाजूक असतात. तिरकी ओढली तर बोर्डावरचं प्लास्टिकचं कोंदणच वायरीबरोबर वर येऊ शकतं. काढताना दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, अगदी थोडं थोडं हलवत काढा.

आतल्या हबच्या वाटेवर टंचाई वेगळ्या जागी असते, ९ पिनांच्या यूएसबी २.० हेडरांची. साधारण बोर्डावर अशी दोन हेडर असतात. लिक्विड कूलरला एक हवं, दिव्यांच्या कंट्रोलरला एक हवं, कॅबिनेटच्या जुन्या पोर्टांना एक हवं. पण त्या नऊ पिनांत दोन वेगळे पोर्ट असतात, दोन रांगांत, आणि बहुतेक कंट्रोलर त्यातली एकच रांग वापरतात. म्हणून एका हेडरच्या दोन रांगा दोन उपकरणांना वाटून देणारी साधी फाटा-वायर चालते. तिला चिप लागत नाही. मात्र एका हेडरमधून चिपशिवाय चार पोर्ट देण्याचा दावा करणारी वायर घेऊ नका. एकाच डेटा-तारांवर दोन उपकरणं नांदत नाहीत. तिथे एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, वीज घेणारा खरा हबच लागतो.

एवढं सगळं झाल्यावर पोर्टांच्या बाबतीत दोन्ही वाटा जवळपास बरोबरीत सुटतात. फरक उरतो तो जागेचा. आतल्या हबचे पोर्ट आतच राहतात. कंट्रोलर, ब्लूटूथ डोंगल असल्या बिऱ्हाडाला ते छान, पण पेनड्राइव्ह लावायला दर वेळी बाजूची काच कोण काढणार? ‘हाताशी पोर्ट’ ही गरज असेल तर ती या वाटेने अर्धीच भागते. उरलेल्या अर्ध्यासाठी टेबलावर ठेवायचा हब घ्यावा लागतो. ते वाईट नाही, फक्त त्याची एक वायर मागून फिरून टेबलावर येते.

पॅनलच्या पोर्टांचीही एक खोड आहे. यूएसबी ३.० ची वाहतूक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. इंटेलने २०१२ साली यावर एक टिपणच प्रसिद्ध केलं होतं. वायरलेस माऊस याच पट्ट्यात बोलतो. माझ्याकडे माऊसचा डोंगल पॅनलवर आणि त्याच्या शेजारी बाहेरची हार्ड डिस्क अशी जोडी जमली की फाइल जाताना बाण अडखळायचा. डोंगल मागच्या यूएसबी २.० पोर्टवर छोट्या जोडवायरीने लावला आणि तो प्रश्न मिटला. पॅनलवर एखादा साधा यूएसबी २.० पोर्ट असेल तर त्याला मागासलेला समजू नका.

आता दिवे. पाच व्होल्ट तीन पिन म्हणजे ए-आरजीबी, बारा व्होल्ट चार पिन म्हणजे सगळी पट्टी एकाच रंगाची ठेवणारं साधं आरजीबी; इथे बोलणं पहिल्याबद्दल आहे. विजेच्या हिशेबाकडे मात्र लक्ष द्या. या पट्ट्यांतला एकेक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात साधारण ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. शंभर एलईडी झाले की कागदावर ६ अँपिअर होतात आणि मदरबोर्डचं हेडर बहुधा ३ अँपिअरवर थांबतं. सगळं पांढरंशुभ्र कुणी ठेवत नाही हे खरं, तरी पंख्यांची माळ लांबली की हेडरवर भार टाकण्यापेक्षा साटाच्या प्लगमधून (एसएमपीएसकडून डिस्कला वीज देणाऱ्या प्लगमधून) वीज घेणारा हब बरा. त्या प्लगला पाच व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे साडेचार अँपिअर मिळतात. चांगलं पॅनलही साटाकडूनच वीज घेतं, आतला ए-आरजीबी हबही. इथेही फार फरक नाही.

फरक आहे तो दिवे मालवण्यात, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

संगणक बंद नाही, काम करतो आहे. व्हिडिओ रेंडर होतोय, बॅकअप चाललाय, काहीतरी मोठं उतरतंय. पडदा बंद केला, आडवं व्हायची वेळ झाली आणि खोलीत कॅबिनेट मात्र झगमगतंय. सॉफ्टवेअरच्या वाटेवर आता काय करायचं? पडदा पुन्हा लावा, पासवर्ड टाका, दिव्यांचा प्रोग्राम शोधा. तो उघडायला वेळ घेतो, मग ‘नवी आवृत्ती आली आहे’ म्हणतो, मग प्रोफाइल, मग ‘बंद’. घरातला दिवा मालवायला कुणी आधी लॉग-इन करत नाही. इथे करावं लागतं, आणि तेही झोप डोळ्यांवर आलेली असताना.

बरं, एकदा बंद केलेलं बंद राहावं, तर तेही नेहमी राहत नाही. माझ्या आधीच्या बोर्डावर संगणक झोपेतून उठला की प्रोग्राम जागा होईपर्यंत दिवे आपल्या मूळ स्वभावावर यायचे, म्हणजे इंद्रधनुष्य. लिनक्समध्ये गेलो की वेगळी तऱ्हा, कारण तो प्रोग्राम तिथे नव्हताच. तापमानाप्रमाणे बदलणारा रंग वगैरे करामती दिसायला छान असतात, पण त्या प्रोग्रामच घडवत असतो. तो मिटला की करामत संपली.

यावर उपाय नाहीत असं नाही, ते सांगितले पाहिजेत. बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगांत) संगणक झोपेत किंवा बंद असताना दिवे विझवण्याचा पर्याय असतो. तिथेच ईआरपी नावाची वीजबचतीची सेटिंग चालू केली तर बंद संगणकाची बाकी वीजही तुटते, अर्थात त्याबरोबर बंद संगणकावर फोन चार्ज करण्याची सोयही जाते. पण हे सगळं झोपलेल्या किंवा बंद यंत्रासाठी. जागं राहून राबणाऱ्या यंत्राचे दिवे त्याने विझत नाहीत. ओपनआरजीबी हा मुक्त प्रोग्राम विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, कमांडने प्रोफाइल लावू देतो, आणि ती कमांड कळफलकाच्या एखाद्या बटणाला बांधता येते. विंडोज ११ मध्येही २०२३ पासून डायनॅमिक लायटिंग, म्हणजे विंडोजच्याच सेटिंगांतून दिवे चालवण्याची सोय, आलं आहे; ते ज्या उपकरणांना जमतं तिथे कंपनीच्या वेगळ्या प्रोग्रामची गरज कमी होते. ज्यांना जुळवाजुळव आवडते त्यांचं यात नीट भागेल. मला आवडते, तरी या एका कामासाठी नाही आवडली.

पॅनलवरचं बटण दाबलं की दिवे जातात. पडदा, पासवर्ड, विंडोज की लिनक्स, यंत्र अडकलंय की चालतंय, यातलं काहीही त्या बटणाला विचारावं लागत नाही. तेवढ्यासाठी मी बाकीच्या बऱ्याच गोष्टी सोडल्या.

सोडलेल्या गोष्टी कमी नाहीत. पॅनलचं बटण फक्त त्याला वायरीने जोडलेल्या पंख्यांना आणि पट्ट्यांना ओळखतं. रॅमचे आणि ग्राफिक्स कार्डाचे दिवे त्या वायरीवर नसतातच; ते सॉफ्टवेअरच्याच ताब्यात राहतात. माझ्या रॅमला दिवे नाहीत, म्हणून मला हे बोचलं नाही. तुमच्याकडे चारही स्लॉट उजळलेले असतील तर पॅनलने तुमची रात्र अर्धीच काळोखी होईल. कळफलक, माऊस आणि पंखे एकाच लयीत नाचावेत अशी हौस असेल तर आतला हब आणि सॉफ्टवेअर ही वाट सरळ चांगली, तिथे मी वाद घालणार नाही. शिवाय साध्या हबवर सगळ्या पंख्यांना एकच संकेत जातो. प्रत्येकाला वेगळा रंग देता येत नाही.

आणि दिसण्याचं म्हणाल तर पॅनल फारसं देखणं नसतं. पुढे जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये ते चकचकीत प्लास्टिक ठिगळासारखं उठून दिसतं, थोडी हवाही अडते. माझं कॅबिनेट टेबलाखाली असल्यामुळे मला ते सोसलं.

पॅनल घ्यायचंच ठरलं तर बटणाबद्दल दोन गोष्टी आधी विचारा. एक, ‘बंद’ कुठे आहे? काही बटणांत ते लांब दाबल्यावर येतं, ते उत्तम. काहींत सगळे प्रकार एकेक करत फिरून शेवटी येतं. अंधारात दहा-वीस रंग मोजत बसणं म्हणजे पुन्हा तीच कटकट, फक्त पडदा न लावता. दुसरं, वीज गेल्यावर त्याला आठवण राहते का? एसएमपीएसचा मागचा खटका बंद करून पुन्हा चालू केल्यावर ते शेवटच्या रंगावर यायला हवं. जे दर वेळी इंद्रधनुष्यावर येतं, ते घेऊ नका, बाकी कितीही बरं असलं तरी.

मधली वाटही आहे, आणि आज कुणी विचारलं तर बहुधा मी तीच सुचवेन, कारण नव्या कॅबिनेटांत सव्वापाच इंची खण दुर्मिळ झाला आहे. बऱ्याच ए-आरजीबी हबांवर दोन पिनांची एक जागा असते, तिला कॅबिनेटच्या रिसेट बटणाची वायर लागते. मग रिसेटचं बटण दिव्यांचं बटण होतं. अशा हबमध्ये मदरबोर्डकडून येणारा संकेतही घेता येत असेल तर आणखी बरं: बटण लांब दाबलं की ताबा सॉफ्टवेअरकडे, पुन्हा दाबलं की आपल्याकडे. दिवसा करामती, रात्री अंधार. रिसेट गेल्याचं दुःख करायचं कारण नाही. यंत्र अडकलं तर पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरता येतंच.

मग पोर्टांचं काय? ते या व्यवहारातून वेगळे काढायचे. मागे रिकामा स्लॉट असेल तर पीसीआय एक्सप्रेस कार्ड, नाही तर टेबलावरचा हब. कार्ड घेताना एवढं बघा की पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातली डेटाची एक वाट) सेकंदाला साधारण ५०० मेगाबाइट नेते. चार पोर्टांवर चार डिस्क एकदम पळवायच्या असतील तर त्यांनी ते वाटून घ्यायचं आहे. दोन्ही कामं एकाच तुकड्यात कोंबण्याचा मोह मला आता होत नाही, पण खण रिकामा पडला असेल आणि समोर पोर्ट हवेच असतील तर पॅनलला अजूनही तोड नाही.

रिसेटचा मार्ग धरलात तर त्या वायरीला उलट-सुलट नसतं, कशीही लावा. फक्त ती बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पुरेल इतक्याच लांबीची असते. म्हणून हब आधी तिच्या आवाक्यात चिकटवा आणि पंख्यांच्या वायरी त्यानंतर ओढा.