टाटाचा हायड्रोजन ट्रक: गाडी झक्कास, पण पंप कुठाय?

आमच्या घरी दोन ट्रेलर आहेत, चाकण ते न्हावाशेवा कंटेनर मारतात, त्यामुळे ट्रकमधलं काहीही नवीन आलं की मी आधी एकच बघतो, किलोमीटरला खर्च किती. म्हणून हा रिव्ह्यू थोडा खडूस वाटेल. आणि आधीच सांगतो, मी ही गाडी चालवलेली नाहीये, चाचणीतल्या गाडीचं स्टेअरिंग आपल्या हातात कोण देणार, जे बाहेर आलंय त्यावरून आणि धंद्याच्या हिशोबानं लिहितोय.

टाटा मोटर्स ह्यात काल-परवा उतरलेली नाही. 2013 ला इस्रोबरोबर त्यांनी हायड्रोजन बस करून तमिळनाडूत महेंद्रगिरीला चालवून दाखवली होती. मग बरीच वर्षं सामसूम. 2021 ला इंडियन ऑइलनं 15 फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज करून चालणाऱ्या) बसची ऑर्डर दिली, त्यातल्या पहिल्या दोन सप्टेंबर 2023 ला दिल्लीत रस्त्यावर आल्या. आणि मार्च 2025 मध्ये गडकरींनी हिरवा झेंडा दाखवून ट्रकच्या चाचण्या सुरू झाल्या, 16 गाड्या, जास्तीत जास्त 24 महिने, आणि रूटमध्ये मुंबई-पुण्याकडचा भाग पण आहे, म्हणजे आपल्याच रस्त्यांवर.

आता गंमत अशी की ट्रक दोन जातीचे आहेत आणि लोक दोन्ही एकच समजतात. एकात नेहमीसारखं इंजिनच आहे, फक्त डिझेलऐवजी हायड्रोजन जाळतं. दुसऱ्यात फ्युएल सेल, म्हणजे टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज होते, मोटर फिरते, मागनं पाणी पडतं, बास. टाटाचा प्रायमा एच.55एस हा ट्रक दोन्हीत केलाय, रेंज 300 ते 500 किलोमीटर सांगतात. आमची जाऊन-येऊन ट्रिप त्यात आरामात बसते.

इंजिनवाला आमच्या फिटरला लगेच आवडेल, पिस्टन आहे, आवाज आहे, उघडून बघता येतं. पण जाळलं की नायट्रोजन ऑक्साइड थोडा का होईना निघतोच, आणि घाट उतरताना ब्रेक दाबला की सगळी ताकद गरम होऊन वाया. फ्युएल सेलवाल्यात सोबत बॅटरी असते, बोरघाट उतरताना मोटर उलट वीज करून त्यात भरते. मला विचाराल तर खरी गाडी ती दुसरी. फक्त सेलमध्ये प्लॅटिनम लागतं, हायड्रोजन एकदम शुद्ध लागतो, आणि बिघडला तर खोपोलीच्या गॅरेजात स्पॅनर घेऊन काही होणार नाही.

आता खर्च. एक किलो हायड्रोजनमध्ये 33 युनिट ऊर्जा, म्हणजे अंदाजे सव्वातीन लिटर डिझेलएवढी. पण पाण्यापासून तो एक किलो काढायला साधारण 50 ते 55 युनिट वीज जाते, युनिट 7 रुपयांनी धरलं तर नुसत्या विजेचेच साडेतीनशे-पावणेचारशे रुपये, वर कॉम्प्रेसर, टँकर, पंपवाल्याचं मार्जिन वेगळं. आणि फ्युएल सेल त्या 33 मधले निम्मेच चाकापर्यंत पोचवतो, म्हणजे 55 युनिट घातले आणि 16-17 हातात आले. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर पाऊणएक तरी चाकाला मिळते. म्हणून शहरातल्या बससाठी हायड्रोजन मला पटतच नाही, रात्री डेपोत उभीच असते ना ती, लावा चार्जिंगला. फ्रान्समध्ये माँपेलिए शहरानं 51 हायड्रोजन बसचा बेत 2022 ला ह्याच हिशोबावर गुंडाळला.

पण 55 टनाच्या गाडीला हजार किलोमीटर जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं बॅटरीचंच वजन लोड खातं आणि चार्जिंगला तास जातात. डाइमलरच्या ट्रकनं 2023 ला जर्मनीत द्रवरूप हायड्रोजनच्या एका फुल टाकीवर 1047 किलोमीटर काढले होते. तिथं ह्याला तोड नाही.

आणि पंप? सीएनजी 200 बार दाबाला भरतात, त्याच्या रांगा आपण बघतोच. बस-ट्रकमध्ये हायड्रोजन सहसा 350 बारला भरतात, तरी एका किलोला चाळीसएक लिटरची टाकी लागते. सरकारनं ग्रीन हायड्रोजन (सौर-पवनसारख्या विजेवर काढलेला) मिशनला 19,744 कोटी ठेवलेत, ठीक आहे, पण माझ्या ड्रायव्हरला खालापूरला पंप दिसला पाहिजे, दिल्लीतला कागद नाही.

गाडीला पाचपैकी साडेतीन, इंधनाला एक. दादा विचारत होता जुना ट्रेलर आणखी दोन वर्षं ओढू का ह्याच्यासाठी, म्हणलं नको, पाटे (चाकावरच्या स्प्रिंग) आधीच बसलेत, डिझेलचाच घे.