मंगळावरचा रस्ता बघायचा तर चाकाकडचे कॅमेरे उघडा

मंगळावर सध्या नासाच्या दोन गाड्या फिरतायत, क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स. दोघींचे फोटो जसे येतात तसे, कच्चेच, नासाच्या संकेतस्थळावर टाकले जातात. बघायला पैसे नाहीत, खातं उघडायची भानगड नाही. मी देवगड-राजापूर पट्ट्यात जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक चालवतो. खाणीवर भरणा होईपर्यंत नंबर लावून थांबावं लागतं, आणि आमच्या भागात रेंज असते ती सड्यावरच, म्हणजे वरच्या कातळी माळावर. खाली वाडीत उतरलं की फोनचा दगड होतो. त्यामुळे माझं हे बघणं सगळं खाणीवरच होतं.

पहिलं सांगतो, सजवून ठेवलेल्या फोटोंच्या नादी लागू नका. तुकडे जोडून, रंग सुधारून केलेले ते लांबरुंद देखावे झकास असतात, त्यात वाद नाही. पण त्यांतून डोंगर कळतो, रस्ता कळत नाही. गाडी काल कुठे होती, आज कुठून वळली, चाक कशावर चढलं हे बघायचं असेल तर कच्च्या फोटोंच्या पानावर जा, कॅमेऱ्यांच्या यादीतून हॅझकॅम निवडा आणि सोलच्या क्रमाने बघत जा. सोल म्हणजे तिथला दिवस, 24 तास 39 मिनिटं आणि वर थोडे सेकंद. हॅझकॅम गाडीच्या पोटाशी पुढे-मागे बसवलेत. चाकापुढे धोंडा आहे का, हेच बघायचं त्यांचं काम. क्युरिऑसिटीचे तर काळे-पांढरे आहेत आणि भिंग इतकं रुंद की क्षितिज वाकडं दिसतं. पुढच्याच्या चौकटीत पुढची चाकं येतात, मागच्याच्या चौकटीत मागची चाकं आणि आलेली वाट. ड्रायव्हरला आणखी काय हवं?

या कॅमेऱ्यातली माझी सगळ्यात आवडती भानगड पर्सिव्हरन्सच्या पुढच्या डाव्या चाकातल्या दगडाची. फेब्रुवारी 2022 मध्ये, 341व्या सोलला, एक दगड त्या चाकाच्या आत जाऊन पडला. चाक ॲल्युमिनियमचं, आतून पोकळ. दगड आत खुळखुळत राहिला. मे महिन्यापर्यंत त्याचा साडेआठ किलोमीटर प्रवास झाला होता आणि वर्ष उलटलं तरी तो आतच होता. सोल बदलत पुढच्या डाव्या हॅझकॅमचे फोटो बघत गेलात तर प्रत्येक थांब्याला तो चाकात वेगळ्या जागी बसलेला दिसतो. जोडचाकात अडकलेला दगड मागच्या गाडीची काच फोडतो म्हणून आम्ही भरणा झाल्यावर पहार घेऊन आधी टायर बघतो. तिथे मागून गाडी येण्याचा प्रश्नच नाही, म्हणून गडी आरामात फिरला.

क्युरिऑसिटीच्या चाकांची कथा मात्र एवढी मजेची नाही. ही गाडी 899 किलोची, 6 ऑगस्ट 2012 ला गेल विवरात उतरली. सहा चाकं, प्रत्येकाचा व्यास 50 सेंटिमीटर, आणि चाकाचा पत्रा पाऊण मिलिमीटर! 2013 सालीच त्याला भोकं पडायला लागली. जमिनीत घट्ट रुतलेले, वाऱ्याने धार आलेले दगड होते. सुटा धोंडा चाकाखाली सरकतो, रुतलेला सरकत नाही, तो पत्र्यातून वर येतो. कातळावर गाडी घातलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. मग त्यांनी मऊ जमिनीची वाट धरली आणि 2017 मध्ये प्रत्येक चाकाचा वेग जमिनीप्रमाणे कमी-जास्त करणारी नवी आज्ञावली इथून पाठवली. गाडीच्या हाताच्या टोकाला माहली नावाचा कॅमेरा आहे, त्याने अधूनमधून चाकांचे जवळून फोटो काढतात. ते पानावर शोधून बघाच. फाटलेला पत्रा, आत वळलेली कड, मधेच तुटलेली नक्षी. अशा चाकांवर ती पस्तीस किलोमीटरच्या पुढे गेलीय. पर्सिव्हरन्सला मग पत्रा जाड दिला, चाक थोडं मोठं पण अरुंद केलं आणि नक्षी 24 ऐवजी 48 रेघांची, जवळजवळ सरळ घातली. दोघींचे चाकांचे फोटो शेजारी ठेवलेत तर फरक न सांगता कळेल.

क्युरिऑसिटीच्या मागच्या कॅमेऱ्यात चाकोरीकडे नीट बघा. ठरावीक अंतरावर चौकोनी ठिपके उमटलेले दिसतील. चाकात मुद्दाम ठेवलेल्या भोकांचे ते ठसे, मोर्सच्या भाषेत जेपीएल, म्हणजे गाडी बांधणाऱ्या संस्थेची आद्याक्षरं. नाव उमटवायची हौस म्हणाल तर ती आहेच, पण ठसे मोजून चाक जागच्या जागी किती फिरलं आणि गाडी खरी किती पुढे गेली हेही काढता येतं. वाळूत याचा फार उपयोग. नासाची आधीची गाडी स्पिरिट 2009 मध्ये मऊ वाळूत रुतली ती कायमची.

वेगाची अपेक्षा ठेवून बसू नका. सपाटीवर पर्सिव्हरन्स तासाला फार तर दीडशे मीटर जाते. जून 2025 मध्ये तिने एका दिवसात 411 मीटर कापले तो विक्रम होता. हे ऐकून आमच्या ट्रकवरचा किन्नर हसत सुटला होता. पण इथून दिलेली आज्ञा तिथे पोचायला अंतराप्रमाणे तीनपासून बावीस मिनिटं लागतात. ब्रेक दाबा म्हणून सांगेपर्यंत गाडी खड्ड्यात. म्हणून दिवसाचं काम एकदम पाठवायचं आणि पर्सिव्हरन्सने वाट बरीचशी स्वतः बघत जायचं, असा कारभार आहे.

आता उणं काय ते. फोटोत माप नसतं. समोरचा दगड नारळाएवढा की रिक्षाएवढा, काही कळत नाही. चौकटीत चाक किंवा चाकोरी आली तरच अंदाज लागतो. क्युरिऑसिटीची एक चाकोरी 40 सेंटिमीटर रुंद धरायची. चढ-उतारही फसवा, कारण गाडी कलली की कॅमेरा कलतो. पर्सिव्हरन्सचे नेव्हकॅमचे, म्हणजे खांबावरच्या वाट बघायच्या कॅमेऱ्यांचे, मोठे फोटो पुष्कळदा तुकड्या-तुकड्यांनी येतात. फोनवर ते जुळवत बसायचा कंटाळा येतो, संगणक हवा. आधी बारकी प्रत दिसते, पूर्ण फोटो मागून येतो, तेव्हा अंधुक दिसलं म्हणून लगेच बंद करू नका. सगळं इंग्रजीत आहे. आणि फोटोखाली तारीख, सोल, कॅमेरा, पर्सिव्हरन्सचं असेल तर तिथली स्थानिक वेळ, एवढंच लिहिलेलं असतं. दगड कसला ते कोणी सांगत नाही.

हे शेवटचं मला खटकतं, कारण गंमत दगडातच आहे. मे 2024 मध्ये क्युरिऑसिटी एका दगडावरून गेली, दगड फुटला आणि आतून पिवळेधमक स्फटिक निघाले. शुद्ध गंधक! मंगळावर तसं आधी कधी मिळालं नव्हतं. खांबावरच्याच मास्टकॅम कॅमेऱ्याच्या रंगीत फोटोत तो फुटका दगड स्वच्छ दिसतो, पण नुसतं पान चाळणाऱ्याला त्याचं मोल कसं कळणार? तसंच पर्सिव्हरन्सच्या वाटेवर पांढरट सुटे दगड पडलेले दिसतात. त्यांतल्या काहींत ॲल्युमिनियम भरपूर आणि केओलिन, म्हणजे एक पांढरी चिकणमाती, निघालं. पृथ्वीवर उष्ण हवेत पावसाने वर्षानुवर्षं खडक धुतला की ते बनतं. आपला जांभाही अशाच धुण्यातून झालेला, आणि त्याच्याखाली विहीर खणताना पांढरी माती लागते ती आपल्याकडे कोणाला नवीन नाही. हे मला बाहेर वाचून कळलं. फोटोवर चार ओळी असत्या तर बरं झालं असतं.

रंगाबद्दल एक. कच्च्या फोटोत आकाश पिवळट, जमीन तांबूस-तपकिरी, सगळंच जरा मळकट. खाणीवरच्या आबांना एक दाखवला तर चष्मा वर करून म्हणाले, “हो खंयचो सडो रे?” मंगळावरचो म्हटल्यावर अर्धा मिनिट फोन जवळ-लांब धरून बघितला. “मगे थंयसून चिरो आणूक भाडां किती पडतलां?”

वापरायची पद्धत अशी ठेवा. गाडी कुठे आहे ते दाखवणारा नकाशा एका खिडकीत उघडा. त्यावर आजवरची वाट रेघेने काढलेली असते. दुसऱ्या खिडकीत कच्चे फोटो. नकाशावर जिथे वाट उगाच वळलेली दिसेल तो सोल काढा आणि नेव्हकॅम बघा. वळण का घेतलं ते नव्वद टक्के वेळा समोर दिसतं: वाळूची लाट, नाहीतर धारदार कातळ. मला यात सिनेमापेक्षा जास्त वेळ जातो. सुरुवात पर्सिव्हरन्सपासून केलीत तर सोपं. तिचे हॅझकॅम रंगीत आहेत, आणि ती उतरली तेव्हा आपल्याकडे 19 फेब्रुवारी 2021 ची मध्यरात्र उलटून गेली होती, शिवजयंती लागली होती, म्हणून तारीखही लक्षात राहते.

साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा सूर्य पृथ्वी आणि मंगळाच्या मधे येतो. तेव्हा दोनेक आठवडे नवीन आज्ञा जात नाहीत, गाड्या जागेवर उभ्या राहतात आणि पानावर नवीन फारसं काही येत नाही. पान बिघडलं समजून फोन बदलू नका. तेवढ्या दिवसांत 341व्या सोलपासून तो चाकातला दगड बघून घ्या.